हेन्री फोर्डने घोड्यांचं गाव का बांधलं? (१९२० च्या दशकातली अमेरिका)

डिअरबॉर्नकर

मागच्या महिन्यात आई-बाबा आले होते. डेट्रॉइटला लागून असलेल्या आमच्या डिअरबॉर्नमध्ये पाहुण्यांना दाखवायचं ठरलेलं ठिकाण म्हणजे ग्रीनफील्ड व्हिलेज. हेन्री फोर्डने ठिकठिकाणच्या जुन्या इमारती उचलून आणून इथे एक गावच वसवलं आहे. एडिसनची प्रयोगशाळा, राइट बंधूंचं सायकलचं दुकान, गिरणी, लोहाराचा भाता, घोडागाड्या. बाबांचा जन्म गॅरेजमध्ये गेला, त्यामुळे आईच्या भाषेत ते 'प्रत्येक नटबोल्टाचं दर्शन घेत' फिरले. दुपारी बाकावर बसून पोळीची गुंडाळी खाताना म्हणाले, "ज्यानं सगळ्या देशाला गाडीत बसवलं, त्यानं म्हातारपणी घोड्यांचं गाव कशाला बांधलं रे?"

मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

त्या दशकाचं नाव काढलं की आपल्याला केस कापलेल्या मुली, जाझ, चोरटी दारू आणि शेवटी कोसळलेला शेअर बाजार आठवतो. मला मात्र सगळ्यात बोलकी वाटते ती १९२० ची जनगणना. अमेरिकेत पहिल्यांदाच निम्म्याहून जास्त माणसं शहरात राहतात असं तिच्यात दिसलं. 'शहर' म्हणजे अडीच हजार वस्तीचं गावसुद्धा धरलं होतं, तरी आकडा ५१ टक्क्यांच्या आसपासच गेला. राज्यघटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी लोकसंख्येनुसार प्रतिनिधीगृहाच्या जागा नव्याने वाटायला हव्यात. त्या खेपेस ते झालंच नाही! ग्रामीण भागातल्या खासदारांनी अडवून धरलं. शहरात गर्दी झाली ती परदेशातून आलेल्यांची, त्यांच्यामुळे आमच्या जागा का कमी व्हाव्यात, असा सूर होता. कायदा झाला थेट १९२९ मध्ये. म्हणजे अख्खं दशक देश शहरी झाला होता आणि संसद मात्र १९१० च्या गावांची होती.

आता फोर्ड. १९०८ मध्ये मॉडेल टी आली तेव्हा किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणीपट्टी सुरू झाली. आधी एक सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागायचे, ते काम दीड तासावर आलं. १९२५ पर्यंत सगळ्यात साधी मॉडेल टी २६० डॉलरला मिळू लागली. देशात १९२० साली सुमारे ८० लाख मोटारी होत्या, १९२९ मध्ये २ कोटी ३० लाख. इंडियानातल्या मन्सी गावात १९२४-२५ मध्ये दोन समाजशास्त्रज्ञ मुक्काम ठोकून होते. तिथल्या बायकांनी त्यांना सांगितलं की एक वेळ कपडे नसले तरी चालतील, जेवण नसलं तरी चालेल, गाडी सोडणार नाही. तिथल्या बाल न्यायालयाच्या न्यायाधीशाला गाडी म्हणजे चाकांवरचं वेश्यालय वाटत होतं. पोरं-पोरी आईबापांच्या नजरेआड जाऊ लागली होती ना!

गंमत पुढे आहे. फोर्डला कर्जाचा तिटकारा. १९२३ मध्ये त्याने योजना काढली: दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत टाका, किंमत भरली की गाडी न्या. आपली आवर्ती ठेवच. उलट जनरल मोटर्सने १९१९ पासूनच कर्ज देणारी कंपनी काढली होती. आधी गाडी न्या, मग हप्ते भरा. शिवाय दरवर्षी नवं रूप, नवे रंग. लोकांनी कुणाची निवड केली हे सांगायला नको. १९२७ मध्ये दीड कोटी गाड्या काढून मॉडेल टी बंद पडली, आणि दुसऱ्याच वर्षी फोर्डनेही मुकाट्याने हप्त्यांची कंपनी उघडली. माणूस काटकसरीचा जुना शेतकरी, पण त्याच्याच यंत्राने जन्माला घातलेलं गिऱ्हाईक त्याला ओळखू येईना.

ह्याच काळात तो आमच्या गावच्या नावाचं एक साप्ताहिक चालवत होता. त्यात १९२० पासून सलग ९१ आठवडे ज्यूंविरुद्ध लेख छापले. बँका, सिनेमा, जाझ, सगळं त्यांचं कारस्थान. शेवटी बदनामीचा खटला अंगाशी आला तेव्हा १९२७ मध्ये माफी मागितली. जाझला उतारा म्हणून फिडलवादक बोलावून जुने ग्रामीण नाच शिकवायचे वर्ग काढले. आणि मग हे गाव.

माझा अंदाज असा की त्या दशकात बदल घडवणारे आणि बदलाला घाबरणारे असे दोन तट नव्हतेच. बऱ्याचदा एकाच माणसात दोघं राहत होते. हा अंदाज टिकतो का, ते सांगा. ज्यांना जे माहीत आहे त्याची भर घाला.

---

चहाबाज

मस्त लिहिलंय. पोळीची गुंडाळी विशेष आवडली.

डेट्रॉइटमध्ये राहून दारूबंदीवर एक ओळही नाही? हे म्हणजे नाशकात राहून द्राक्षांबद्दल न बोलणं.

---

डिअरबॉर्नकर

@चहाबाज, लेख लांबत होता म्हणून राखून ठेवलं होतं 🙂

देशभर दारूबंदी लागू झाली १७ जानेवारी १९२० ला. मिशिगन त्याच्याही आधी, १९१८ मध्येच कोरडं झालेलं. पण नदीपलीकडे कॅनडाचं विंडसर. पात्र इतकं अरुंद की पलीकडचे दिवे मोजता येतात. कॅनडात दारू बनवून निर्यात करायला बंदी नव्हती. मग विंडसरच्या धक्क्यावरून वल्ह्याच्या होड्या कागदोपत्री 'क्युबाला' निघायच्या आणि दुपारी पुन्हा 'क्युबाला' निघायला हजर व्हायच्या. हिवाळ्यात नदी-तळी गोठली की बर्फावरून सरळ गाड्या. काही बुडाल्या पण. आणि गाड्या कुठल्या, हे वेगळं सांगायला हवं का?

बंदी शक्य का झाली, हे मला जास्त रंजक वाटतं. आधी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा दारूवरच्या करातून यायचा. १९१३ मध्ये आयकर आला आणि सरकारची ती गरज संपली. त्यात पहिल्या महायुद्धात बिअरवाले बहुतेक जर्मन वंशाचे निघाले, मग काय विचारता. पुरोगामी, स्त्रीवादी, चर्च आणि परकीयांचा द्वेष करणारे, सगळे एका तंबूत.

---

चहाबाज

'क्युबा' भारीच! आपल्याकडे मुंबईत आंट्यांचे अड्डे होते, तसंच. आपला १९४९ चा दारूबंदी कायदा अजून पुस्तकात आहे आणि प्यायला परवाना लागतो, हे किती जणांना माहीत असेल देव जाणे.

---

औषधी_वनस्पती

डॉक्टरांची चिठ्ठी असली तर तिथे व्हिस्की मिळायची हो. धर्मविधीसाठी वाइनला सूट होती. द्राक्षाच्या रसाच्या घट्ट विटा मिळत आणि 'ह्या पाण्यात विरघळवून इतके दिवस ठेवू नका, नाहीतर वाइन होईल' अशी सूचना सोबत. ह्याला म्हणतात पाककृती.

पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कारखान्यांत लागणाऱ्या अल्कोहोलमध्ये ते कुणी पिऊ नये म्हणून सरकारी नियमानेच विष मिसळलं जायचं, आणि लोक पितात हे दिसल्यावर मिथेनॉलचं प्रमाण वाढवलं. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कमध्ये त्याने कित्येक माणसं मेली. श्रीमंत लोक कॅनडाची प्यायले, गरीब ही. हातभट्टीच्या बातम्या वाचणाऱ्याला ह्यात नवं काही नाही.

---

दलाल_स्ट्रीट

लेख चांगला, पण एका मुद्द्यावर हरकत. हप्ते, कर्ज, चंगळ असा सूर लावला की ते दशक म्हणजे फुगाच होता असं वाटतं. तसं नाही. वीज असलेली घरं दशकाच्या सुरुवातीला साधारण तिसरा हिस्सा होती, शेवटी दोन तृतीयांश. कपडे धुण्याचं यंत्र, इस्त्री, रेडिओ, फ्रीज ह्या सगळ्या खऱ्या वस्तू खऱ्या घरांत गेल्या. कारखान्यांत वाफेच्या इंजिनाचे पट्टे जाऊन प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली, त्याने माणशी उत्पादन जे वाढलं ते काही सट्टा नव्हता.

सट्टा वेगळा. १० टक्के रोख भरा, बाकी दलाल देईल. आपल्या जुन्या लोकांना 'बदला' (उसन्या पैशावर शेअरचे सौदे करायची आपल्या बाजारातली जुनी पद्धत) म्हटलं की लगेच कळेल. १९२९ च्या शरद ऋतूत दलालांनी दिलेली कर्जं साडेआठ अब्ज डॉलरवर गेली होती. बाहेरच्या कंपन्यासुद्धा कारखान्यात पैसा घालण्यापेक्षा ह्या बदल्यात घालत होत्या, कारण व्याज तिथे जास्त. ३ सप्टेंबरला डाऊ हा शेअर निर्देशांक ३८१ वर. २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी सुमारे १ कोटी २९ लाख शेअर विकले गेले, २९ च्या मंगळवारी १ कोटी ६४ लाख. जुलै १९३२ मध्ये डाऊ ४१. तो जुना उच्चांक पुन्हा दिसायला १९५४ उजाडलं.

आणि 'हॉटेलातला पोऱ्यासुद्धा शेअर घेत होता' ही कथा फार फुगवलेली आहे. बारा कोटींच्या देशात दलालांकडे खाती होती जेमतेम पंधरा लाख. बाकीचे पेपरात वाचत होते.

---

वऱ्हाडी_माणूस

राजेहो, तुमी सारे शहरातच फिरून राह्यले. शेतकऱ्याकडं कोणी पाहीन का नाई?

(पुढचं प्रमाण भाषेत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक अर्थ विचारतात.)

महायुद्धात युरोपला गहू हवा होता. बुशेलला दोन डॉलरच्या वर भाव गेला. सरकार म्हणालं पिकवा, शेतकऱ्याने कर्ज काढून जमीन घेतली, अवजारं घेतली. युद्ध संपलं, युरोप पुन्हा पेरू लागला, १९२०-२१ मध्ये भाव निम्म्यावर. कर्ज मात्र निम्म्यावर येत नाही. कापसाचंही तेच, वर बोंडातला भुंगा. खेड्यांतल्या बँका १९२९ च्या महामंदीची वाट बघत बसल्या नव्हत्या. १९२१ ते २९ ह्या तेजीच्या वर्षांतच पाच हजारांवर बँका बुडाल्या, बहुतेक अशा लहान गावांतल्या. दलालसाहेब म्हणतात ती वीज शेतावरच्या दहातल्या एका घरातही जेमतेम पोचली होती.

मग मॅकनरी आणि हॉगन ह्या दोन खासदारांनी विधेयक आणलं. सरकारने जादा माल ठरलेल्या रास्त भावाने उचलावा आणि परदेशात मिळेल त्या भावाने विकावा. ओळखीचं वाटतं ना? हमीभावच. काँग्रेसने दोनदा मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष कूलिजसाहेबांनी १९२७ आणि १९२८ मध्ये दोन्ही वेळा नकाराधिकार वापरला. कारखानदाराला मात्र १९२२ पासून आयातशुल्काची भिंत उभारून दिली होती. ती चालते.

धागाकर्त्याच्या प्रश्नाशी जोडतो. घोडा हा त्या शेतकऱ्याचा मोठा गिऱ्हाईक होता. ओट्स, गवत तोच खायचा. मोटार आणि ट्रॅक्टर आले, घोडे गेले, चाऱ्याखालची जमीन गहू-मक्याकडे वळली आणि पडलेला भाव आणखी पडला. सुरुवातीच्या वर्षांत सगळ्यात खपणारा ट्रॅक्टर कोणता? फोर्डसन. म्हणजे फोर्डने आधी घोडा संपवला आणि मग त्याचं संग्रहालय काढलं. तुमच्या बाबांना हे सांगा.

---

दलाल_स्ट्रीट

@वऱ्हाडी_माणूस, मान्य. बँकांचा मुद्दा मी विसरलो होतो. हमीभावावर मात्र वाद घालता येईल: जादा पिकाला भाव बांधून दिला तर शेतकरी अजून जादा पिकवणार.

---

वऱ्हाडी_माणूस

घाला वाद. आधी एक हंगाम माझ्या वावरात काढा, मग घालू 🙏

---

गार्गी_प

अजून एकाही बाईचं नाव आलं नाही. मन्सीच्या बायका आल्या, त्या पण गाडीसाठी उपाशी राहायला.

मताधिकाराची गोष्ट सांगते, कारण ती शाळेच्या नाटकात बसेल अशी आहे. ऑगस्ट १९२०. घटनादुरुस्तीला एका राज्याची मंजुरी कमी होती. टेनेसीच्या विधानसभेत मतं समसमान पडत होती. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा सदस्य छातीवर विरोधकांचं लाल गुलाब लावून बसला होता आणि खिशात आईचं पत्र होतं. शहाण्यासारखं वाग आणि बायकांच्या बाजूने मत दे, अशा अर्थाचं. त्याने 'हो' म्हटलं.

पण दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९२० मध्ये काय मिळालं? त्यांच्या नवऱ्यांना जे मिळत होतं तेच: मतदानकर, वाचनपरीक्षा आणि धमक्या. गोऱ्या बायकांच्या मतांची पुढाऱ्यांना सुरुवातीला धास्ती होती, म्हणून १९२१ मध्ये बाळंतीण आणि अर्भकांच्या आरोग्यासाठी केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. बायका एकगठ्ठा मत देत नाहीत हे कळलं आणि १९२९ मध्ये तो कायदा संपू दिला. इतका सरळ हिशोब.

आणि ती सिगारेट! १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बायकांनी सिगारेटी पेटवल्या, 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून. त्यामागे एडवर्ड बर्नेज हा जाहिरातीतला गडी होता आणि पैसे तंबाखू कंपनीचे. बाईच्या मुक्तीचं पाकीट करून तिलाच विकायची कला तिथे जन्मली. आजच्या महिलादिनाच्या जाहिराती बघताना मला नेहमी तो ईस्टर आठवतो.

---

आगाऊ_कार्टं

माहिती चांगली आहे पण मराठी संस्थळावर ह्याचं काय? आपला संबंध?

---

जुनी_दफ्तरं

@आगाऊ_कार्टं, संबंध आहे आणि चांगलाच बोचरा आहे.

१९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून अमेरिकेत मजूर म्हणून येणं आधीच बंद झालं होतं. १९२१ मध्ये युरोपीयांवरही कोटा आला. १९२४ मध्ये तो आवळला: १८९० च्या जनगणनेत त्या त्या देशाचे जेवढे लोक होते, त्याच्या २ टक्के. १८९० च का? कारण इटालियन, पोलिश, रशियन ज्यू मोठ्या संख्येने आले ते त्यानंतर. आकडेमोड अशी करायची की कुठेही नाव न घेता ज्याला बाहेर ठेवायचं तो बाहेर राहतो. आशियाला तर दारच बंद.

आधीच आलेल्यांचं काय? नागरिक होण्याचा हक्क 'गोऱ्या मुक्त व्यक्तीं'ना होता (आणि यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्यांना). नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा ह्या जपानी माणसाला सांगितलं की कातडी गोरी असून भागत नाही, गोरा म्हणजे त्या काळच्या वंशशास्त्रातला 'कॉकेशियन'. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला भगतसिंग थिंड ह्यांचा निकाल आला. हे गृहस्थ महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. युक्तिवाद असा की शास्त्राप्रमाणे उत्तर हिंदुस्थानी हा कॉकेशियन. त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी लिहिलं की शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. म्हणजे एकाला शास्त्राने पाडलं, दुसऱ्याला लोकसमजुतीने.

मला ह्यात आणखी एक गोष्ट सलते. थिंडतर्फे न्यायालयात मांडलं गेलं की ते 'उच्चजातीय हिंदू' आणि शुद्ध आर्य रक्ताचे आहेत. माणूस शीख, तरीही. खालच्या जातींशी आमचा रोटीबेटी व्यवहार नाही, म्हणून आम्हाला गोरे समजा! तिथल्या वर्णभेदाच्या दारावर आपण आपला जातिभेद ओळखपत्र म्हणून दाखवला, आणि तरी दार उघडलं नाही.

निकालानंतर कित्येक हिंदी लोकांचं आधी मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई ह्यांचं गेलं, मालमत्ता ठेवता येईना, अमेरिकी पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून आत्महत्या केली. मागे ठेवलेलं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं.

थिंड ह्यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसचे. सरकार त्यांच्याही नागरिकत्वाच्या मागे लागलं. ते स्वतःच्या खटल्यात लढले: तुम्हीच मला नागरिक केलं, त्या भरवशावर मी वकिली उभारली, लग्न केलं, आता मागे कसं फिरता? १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. त्यानंतर इतर हिंदी लोकांविरुद्धचे असे दावे थंडावले. हिंदुस्थानींना नागरिकत्वाचा मार्ग मात्र १९४६ मध्येच खुला झाला, आणि येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभर.

---

गार्गी_प

@जुनी_दफ्तरं, ह्यात बायकांची जोड देते. १९२२ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकी बाईने नागरिकत्वाला 'अपात्र' परदेशी माणसाशी लग्न केलं तर तिचंही नागरिकत्व जायचं. क्रांतिकारक तारकनाथ दास ह्यांच्या पत्नी मेरी ह्यांचं असंच गेलं. मताधिकार मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली, आणि देश कुठला ते नवऱ्याच्या वंशावरून ठरणार.

---

वऱ्हाडी_माणूस

आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पण ह्याच गोतावळ्यातले. गदरवाले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पुढे बरीच वणवण करून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर काम केलं. दिएगो रिव्हेराने मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातल्या भित्तिचित्रात त्यांना भाकर वाटताना काढलंय. उत्तरेकडची दारं बंद होत होती तेव्हा दक्षिणेकडचं उघडं होतं. शेवटी नागपुरातच वारले.

---

आगाऊ_कार्टं

शब्द मागे घेतो. 🙇

---

डिअरबॉर्नकर

@जुनी_दफ्तरं, तुमचा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका, विनंती.

दाराचा विषय निघाला म्हणून आमच्या शहरातलं एक दार. कारखान्यांमुळे दक्षिणेतून काळे लोक डेट्रॉइटला येत होते, पण राहायला ठरलेल्या दोन-चार वस्त्याच. १९२५ मध्ये ओशियन स्वीट ह्या काळ्या डॉक्टरने गोऱ्या वस्तीत गार्लंड रस्त्यावर १८,५०० डॉलरला घर घेतलं. सप्टेंबरमध्ये राहायला गेले. दुसऱ्या रात्री बाहेर शेकडोंचा जमाव, पोलिस बघत उभे, घरावर दगड. आतून गोळ्या सुटल्या, एक गोरा माणूस मेला. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला.

बचावाला आले क्लॅरेन्स डॅरो, उत्क्रांतीच्या गाजलेल्या खटल्यातले. न्यायाधीश फ्रँक मर्फी. ज्यूरी सगळी गोरी. पहिल्या वेळी ज्यूरीचं एकमत झालं नाही. मग धाकटा भाऊ हेन्री ह्याच्यावर वेगळा खटला चालला आणि मे १९२६ मध्ये तो निर्दोष सुटला.

स्वीट प्रकरणाच्या आदल्या वर्षी, १९२४ मध्ये, इथे महापौराची निवडणूक झाली. कू क्लक्स क्लॅन ह्या वर्णद्वेषी संघटनेचा पाठिंबा असलेल्या चार्ल्स बाउल्सचं नाव मतपत्रिकेवर छापलेलं नव्हतं, ते हाताने लिहायचं होतं. हजारो मतं बाद झाली, कारण लोकांनी नावाचं स्पेलिंग चुकवलं. नाहीतर तोच निवडून आला असता, असं मानतात. (दशक संपताना तो निवडून आलाच, आणि १९३० मध्ये लोकांनी त्याला परत बोलावलंही.) क्लॅन म्हणजे दक्षिणेतलं, जुनाट काहीतरी, असा माझा समज होता. विसाव्या शतकातली ही दुसरी क्लॅन ऑगस्ट १९२५ मध्ये राजधानीत तोंडं उघडी ठेवून हजारोंनी संचलन करत होती. तिचे सभासद दुकानदार, कारकून, मोटारीच्या कारखान्यातले लोक. कॅथलिक, ज्यू, काळे, परदेशी आणि दारूविक्रेते, सगळ्यांवर राग.

---

शंकेखोर

उत्क्रांतीच्या खटल्याबद्दल एक दुरुस्ती, कारण तो नेहमी 'विज्ञान विरुद्ध अडाणी' असा सांगितला जातो.

डेटन, टेनेसी, जुलै १९२५. उत्क्रांती शिकवायला राज्यात बंदी आली होती. नागरी हक्कांच्या संघटनेने जाहिरात दिली की कुणी हा कायदा मोडून बघणार असेल तर खटल्याचा खर्च आम्ही करू. डेटनच्या व्यापाऱ्यांनी औषधाच्या दुकानात बसून ठरवलं की आपल्या पडत्या गावाला ह्याने प्रसिद्धी मिळेल. जॉन स्कोप्स हा चोवीस वर्षांचा मास्तर तयार झाला. गावात माकडं नाचवली, शिकागोच्या रेडिओने थेट प्रक्षेपण केलं. दंड झाला १०० डॉलर, तोही पुढे तांत्रिक कारणाने रद्द. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला.

सरकारी बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे तीनदा राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले, शेतकऱ्यांचे, मजुरांचे, बायकांच्या मताधिकाराचे पुढारी. 'बळी तो कान पिळी'ला शास्त्राचा शिक्का मिळेल अशी त्यांना भीती होती. आणि गंमत म्हणजे ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला, त्यात उत्क्रांतीसोबत माणसांची पैदास सुधारण्याचे, 'सदोष' कुटुंबांना आवर घालण्याचे धडेही होते. ते तेव्हा प्रगत विज्ञान होतं. दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने व्हर्जिनियाला कॅरी बक ह्या तरुणीची सक्तीने नसबंदी करू दिली. शहाणे आणि अडाणी कोण, हे मला तरी ह्या दशकात नीट वेगळं करता येत नाही. धागाकर्त्याचा अंदाज इथे टिकतो.

---

मांडवीकाठी

सगळे फारच गंभीर झाले, म्हणून जरा गाणं.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद वाजवायचा. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, ऐकायला बसणारे गोरे. काळ्या गिऱ्हाइकाला सहसा आत प्रवेश नव्हता. त्यामुळे त्या काळातल्या काही वादकांनी बोटी पकडल्या: पॅरिस, शांघाय, आणि मुंबई. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला. विसाच्या दशकात शिकागो गाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्डही मुंबईत वाजवून पुढे कलकत्त्यात वारला.

त्यांच्याकडून शिकले आमचे गोंयकार. चर्चच्या शाळेत मास्तराकडून सोल्फा शिकून आलेली पोरं, नोटेशन वाचता येणारी. आंतोनियो शाव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ह्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तेच पुढे आपल्या सी. रामचंद्रांकडे. त्यांच्या गाण्यांत मधेच ट्रम्पेट उसळी मारतो ना, तो न्यू ऑर्लिन्सहून शिकागो, तिथून ताज आणि ताजवरून दादर असा आलाय.

---

चहाबाज

व्वा! हा धागा वाचनखुणांत साठवला.

---

डिअरबॉर्नकर

काल बाबांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. फोर्डसन आणि घोड्याचा मुद्दा त्यांना पटला, 'वऱ्हाडी माणूस बरोबर बोलतो' असा निरोप आहे. थिंड आणि स्वीट ऐकताना ते काही बोलले नाहीत.

ग्रीनफील्ड व्हिलेजचं उद्घाटन कधी झालं ते मी वर लिहायला विसरलो. २१ ऑक्टोबर १९२९. विजेच्या दिव्याला पन्नास वर्षं झाली म्हणून राष्ट्राध्यक्ष हूवर आले होते, ८२ वर्षांच्या एडिसनने आपल्याच जुन्या प्रयोगशाळेत दिवा लावून दाखवला आणि रेडिओवर सगळा देश ऐकत होता. दलालसाहेबांनी सांगितलेला गुरुवार तीन दिवसांवर होता.

बाबांना मात्र वेगळंच कुतूहल. "त्या मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नव्हता ना रे?" नव्हता. टाकी सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनात उतरायचं. "मग उभा चढ आला की?" चढावर पुढची बाजू वर गेली आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की इंजिन बंद पडायचं. म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे. बाबा फोनवर किती वेळ हसत होते.

---

औषधी_वनस्पती

काकांना नमस्कार सांगा. आम्ही सप्टेंबरअखेर डेट्रॉइटला येतोय, सासूबाई बरोबर आहेत, गुडघे दुखतात. त्या गावात फार चालावं लागतं का?

---

डिअरबॉर्नकर

बरंच. पण आत वाफेची आगगाडी आहे, आणि मॉडेल टीमधून फेरीही मारता येते. सकाळी लवकर या, दुपारी रांग असते. चढ नाहीत.